गायीचं गाणं

आमच्या घरात इंग्रजी दोनच ठिकाणी राहत होतं, बाबांच्या ऑफिसच्या फायलींत आणि माझ्या दप्तरात. बाबा जंगल खात्यात बाबू. साहेबाला इंग्रजीत टिपणं लिहून द्यायचे, पण बोलायची वेळ आली की रुमाल काढून कपाळ पुसत बसायचे. आपलं झालं ते पोरीचं होऊ नये म्हणून त्यांनी मला सिस्टरांच्या शाळेत घातलं. बालाघाटातल्या आमच्यासारख्या मराठी घरांतल्या पोरी तेव्हा बहुतेक सरकारी हिंदी शाळेत जायच्या. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी, आणि भांडताना दोन्ही. मी मात्र निळा स्कर्ट, पांढरे मोजे. आईला त्या मोज्यांचं फार कौतुक. ती ते रोज स्वतः धुवायची आणि चुलीच्या वरच्या दोरीवर वाळत घालायची, त्यामुळे माझ्या पायांना वर्षभर धुराचा आणि लसणाच्या फोडणीचा वास यायचा. वर्गातल्या पोरी नाक मुरडायच्या आणि मी घरी येऊन आईवर चिडायची. तशी मी लहानपणापासून चिडकीच, त्यातही चिडून गप्प बसणारी. बोलून मोकळी होणारी माणसं परवडतात.

हे लिहायला बसले ती नातीमुळे. जुई तेरा वर्षांची आहे, पुण्यात असते. मागच्या रविवारी फोनवर म्हणाली, आजी, मला आणि माझ्या मैत्रिणींना इंग्लिश गाणी सांग, पण धांगडधिंगा नको, ऐकून आत काहीतरी होईल अशी सांग. तू कॉन्व्हेंटची ना. तिच्या हातातल्या मोबाइलमध्ये जगातली सगळी गाणी पडलेली आहेत, तरी तिला आजीची यादी हवी, याचं मला आधी भारी वाटलं. मी हौ म्हटलं आणि वही घेऊन बसले. आठ दिवस झाले, पान कोरं आहे. गाणी आठवत नाहीत असं नाही. अशीच एक यादी माझ्या हातात एकदा आली होती, आणि तिच्यातल्या एका गाण्याचं मी जे केलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. जुईच्या आजोबांनाही नाही. मी त्यांच्यापासून काही लपवत नाही असं ते अखेरपर्यंत समजत होते.

बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठे बाबा, राजेगावला शेती करायचे. मोठी आई गेली त्या वर्षी ते एका सकाळी बसने आले. एका हातात पत्र्याची पेटी, दुसऱ्या हातात चिन्नोर तांदळाचं पोतं, आणि मागे कमल. माझ्याहून सहा महिन्यांनी मोठी, म्हणजे तेरा पुरी होऊन चौदावं लागलेलं. मोठे बाबा ओसरीवर बसून चहा प्यायले, आईला म्हणाले, पोर इथंच राहू दे, घरात बाई नाही. एवढंच बोलून दुपारच्या बसने परत गेले. कमल रडली नाही. पेटी कुठं ठेवू, एवढं तिने विचारलं, आणि संध्याकाळी तिने तोच चिन्नोर शिजवायला टाकला. चिन्नोर शिजतो तेव्हा वास गल्लीभर जातो. शेजारच्या तिवारीण काकू दारात येऊन विचारून गेल्या, आज क्या है बहनजी, कोई मेहमान आया है क्या. आईने कढी-गोळे केले होते. कमलने चार गोळे खाल्ले आणि पाचवा माझ्या ताटात टाकला, कारण माझं लक्ष त्या गोळ्याकडे आहे हे तिने बघितलं होतं.

तिला हिंदी शाळेत घातलं. घरात तिने पहिल्या आठवड्यातच आईची अर्धी कामं उचलली. तांदूळ निवडणं, अंगण सारवणं, सांजेला कंदिलाची काच राखेनं पुसणं. छोट्या लाइनीची गोंदियाकडून येणारी गाडी फाटकाजवळ शिट्टी द्यायची, ती ऐकली की आई वरणाला फोडणी घालायची आणि बाबा सायकलवरून दारात यायचे. आमच्या घरात घड्याळाचं कोणी फारसं ऐकत नसे. ह्या सगळ्या आवाजांच्या मधे कमलचं गुणगुणणं असायचं. बाजूच्या घरच्या रेडिओवरचं, भुलाबाईचं, देवळातल्या भजनाचं, काहीही. कानावर पडलं की तिच्या गळ्यात बसलं. आई हातातलं काम थांबवून ऐकायची. पुढे पुढे आई तिच्या केसांना तेल लावता लावता तिला म्हण म्हणायची, आणि माझ्या वेण्या मी स्वतः घालायला लागले होते हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आता माझ्या गळ्याचं सांगते. शाळेत गाण्याच्या तासाला आमच्या मिसने मला मागच्या रांगेत उभं केलं होतं आणि बजावलं होतं, तू सिर्फ होंठ हिला, आवाज मत निकाल. नाचता येईना अंगण वाकडं म्हणावं तर अंगणही सरळ होतं. तरी घरी मी शाळेतली इंग्रजी गाणी मोठ्यानं म्हणायची, कारण घरात इंग्रजी येणारी मी एकटी, चुकतेय हे कोण सांगणार. तर एका दुपारी मी परसात आले आणि पाहते तो कमल विहिरीजवळ भांडी घासता घासता आमचं प्रार्थनेचं इंग्रजी गाणं म्हणते आहे. शब्द माझ्याकडून ऐकलेले, पण चाल मिस वाजवायची तीच. माझ्या बेसूर गळ्यातून तिने सरळ चाल कशी वेचून काढली देव जाणे. ते ऐकणारी मी एकटी नव्हते. मिस आमच्याच गल्लीच्या टोकाला राहायच्या. साठीच्या, एकट्या, सायकल हातात धरून चालणाऱ्या. त्या कुंपणाबाहेर थांबल्या होत्या.

मिस दुसऱ्या दिवशी घरी आल्या. सिस्टरांच्या शाळेत दरसाल खेड्यातल्या एका मुलीला वसतिगृहासकट फुकट जागा मिळायची. मुलीने मोठ्या सिस्टरांपुढे एक इंग्रजी गाणं म्हणायचं आणि ते काय सांगतं ते आपल्या भाषेत समजावून द्यायचं, अशी शाळेची रीत. न समजता गाणारं लेकरू मोठ्या सिस्टरांना चालत नसे. मिस आईला म्हणाल्या, गळा देवाने दिला आहे, अर्थ तुमची शालू समजावेल. आणि त्यांनी पिशवीतून एक कागद काढून माझ्या हातात दिला. त्यावर सात गाणी होती, शाईने नीट लिहिलेली, सगळ्यांत वर एक ओळ: तेरा-चौदाच्या मुलींसाठी. मोठ्या माणसाने मला काही सोपवण्याची ती पहिली वेळ. बाबांनी तो कागद दोनदा वाचला, कपाळ पुसलं आणि म्हणाले, पोरीचं आयुष्य सुधरून जाईल शालू, नीट सांगजो तिले.

ती यादी मला आजही पाठ आहे. प्रत्येक गाण्यापुढे मिसने बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे केव्हा ऐकावं. एक होतं लढाईवर गेलेल्या भावाचं, त्यापुढे लिहिलं होतं, भावाशी भांडण झालं की. एक बर्फात अडकलेल्या पाखराचं, परीक्षेच्या आदल्या दिवशी. एक नाचाला जायला बूट नसलेल्या मुलीचं. चौथं गाणं एका खिडकीतल्या दिव्याचं. मी मिसने दिलेल्या पुस्तकातून एकेक म्हणून दाखवलं, म्हणजे माझ्या पद्धतीनं, आणि चौथ्याला कमलने मान वर केली. म्हणाली, हेच. मिसने त्या गाण्यापुढे काय लिहिलं होतं ते मी तिला वाचून दाखवलं नाही. तिथे लिहिलं होतं, आई नसेल तेव्हा.

दोन दिवसांत ते तिच्या गळ्यात बसलं. तिसऱ्या दिवशी सांजेची वेळ, परसात सुपात तांदूळ घेऊन ती बसली होती, आई तिच्या बाजूला. कमल म्हणत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. एकाही शब्दाचा अर्थ तिला माहीत नव्हता. आई पण रडत होती, आणि आईला तर इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं. मी दारात पुस्तक घेऊन उभी. मला अर्थ माहीत होता, शब्द न शब्द माहीत होता, आणि माझ्या डोळ्यांत टिपूस नाही. त्या क्षणी माझ्या मनात आलं ते जसंच्या तसं लिहिते. हिला माझी आई मिळाली. आता हिला माझी शाळा मिळणार, आणि तिथे ही पुढच्या रांगेत उभी राहणार आणि मी मागे ओठ हलवणार.

गाणं संपवून तिने विचारलं, "ह्यात काय सांगते व, शालू?"

गाणं असं होतं. मुलगी लांबून घरी येते आहे. आईने तिला सांगून ठेवलेलं असतं, की कितीही उशीर होऊ दे, खिडकीत दिवा असेल, दार नुसतं लोटलेलं असेल, हाक मारू नकोस, आत ये. आणि मी नसले तर दिवा तू लाव.

मी म्हणाले, "एक बाई असते. ते आपली गाय वारासिवनीच्या बाजारात इकते. अन् गाय सांजेले आपल्या पायानं वापस येते. बाई कंदील घेऊन दारात उभी राहते."

असं हसत खेळत, एका दमात. इंग्रजी गाण्यात आपल्या शेजारच्या वारासिवनीचं नाव घातलं तेव्हा मला वाटलं होतं की ती हसेल आणि म्हणेल, चाल खोटारडी. तिने म्हटलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, असं मी नंतर कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. पण कमल म्हणाली, "आमची चांदी पण अशीच आलती." मोठी आई गेल्यावर मोठ्या बाबांनी गाय विकली होती, धार काढायला कोणी नाही म्हणून. ती दोरी तोडून परत आली होती, आणि दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा नेऊन सोडलं होतं. हे कमलने आमच्याकडे पहिल्यांदाच सांगितलं. आईने तिला जवळ घेतलं. मी पुस्तक मिटलं.

सिस्टरांपुढे गायला अजून पाच दिवस होते. पाच दिवस ती ते गाणं चांदीसाठी म्हणत होती, आणि रोज जास्त चांगलं म्हणत होती. मला ते खोटं दुरुस्त करता आलं असतं. सकाळी शाळेत जाताना, विहिरीवर, जेवताना, कधीही. मी एक चांगली सबब शोधून ठेवली होती: जिची आई मेली तिला आई मेल्याचं गाणं कशाला समजवायचं, उगाच जीव दुखेल. ही सबब मी इतकी वापरली की मधली काही वर्षं मला ती खरीच वाटायची. खोटं आहे ते. मला तिची दया आली नव्हती. मला ती पडायला हवी होती.

गायच्या दिवशी आईने तिला माझा जुना फ्रॉक घातला, माझे पांढरे मोजे घातले, आणि तिला शाळेत घेऊन जायचं काम माझंच. मोठ्या सिस्टरांच्या खोलीत मिस होत्या, आणखी दोन सिस्टर होत्या, आणि खिडकीशी माझ्याच वर्गातल्या पोरी डोकावत होत्या. मी दाराशी उभी. कमल गायली. मी आयुष्यात पुष्कळ गाणं ऐकलं आहे, मोठ्या मोठ्या सभागृहांत बसून ऐकलं आहे, पण तसं कुठे ऐकलं नाही. मोठ्या सिस्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मिसचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं आता अर्थ कोणी विचारणारच नाही, आणि मी मनात म्हटलं, नको विचारू, देवा. एवढी एक गोष्ट माझ्या बाजूची आहे, पण ती मला तेव्हा सुचली जेव्हा माझ्या हातात काही राहिलं नव्हतं.

सिस्टरांनी प्रेमानंच विचारलं, "बेटा, गाना क्या कहता है?"

कमलने हात मागे बांधले आणि सांगायला सुरुवात केली. एक औरत थी, उसकी एक गाय थी, घर में दूध निकालने को कोई नहीं था तो बाजार में बेच दी. तिने चांदीची दोरी पण घातली त्यात, आणि शिंगाला लावलेला रंग. खिडकीतल्या पोरी पहिल्या फुटल्या. मग एक धाकटी सिस्टर हसली, तोंडावर हात ठेवून, पण हसली. कमल बोलता बोलता थांबली. तिला कळलं नाही की काय चुकलं. तिने आपल्या मोज्यांकडे बघितलं, मोजे चुकलेत की काय म्हणून. मोठ्या सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "ये मतलब तुमको किसने बताया?"

कमलने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मिसनेही बघितलं. मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होते.

"किसी ने नहीं," कमल म्हणाली. "मैंने मन से बनाया."

जागा लालबर्र्याच्या एका मुलीला मिळाली. मिसने दारातच माझ्यापुढे हात केला, आणि मी दप्तरातून ती यादी काढून त्यांना परत दिली. त्या मला काही बोलल्या नाहीत, तेव्हाही नाही आणि पुढे शाळा सुटेपर्यंतही नाही. आम्ही दोघी घरी निघालो. फाटक बंद होतं, छोट्या लाइनीची गाडी यायची होती. आम्ही दांड्याशी उभ्या राहिलो. कमलने वाकून आपल्या पायांतले माझे मोजे काढले, मळू नयेत म्हणून, नीट घडी करून हातात धरले, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "गाय नोहोती काय व त्यात?"

खरं सांगायला ती जागा उत्तम होती. कोणी ऐकायला नव्हतं. मी म्हणाले, "होती. त्यायले समजत नाही."

"हौ," ती म्हणाली. गाडी गेली, फाटक उघडलं.

घरी बाबांनी विचारलं तेव्हा तीच म्हणाली, मले नाही जमलं काका. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, तू तर मेहनत घेतली होती पोरी, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या रात्री मी भरलं ताट बाजूला सारलं, आणि आईला वाटलं की मला बहिणीचं दुःख झालं. परीक्षा झाल्यावर मोठे बाबा आले आणि तिला राजेगावला घेऊन गेले, घरात आता बाई लागतेच म्हणाले. पुढे गावात शाळा नव्हती. सतराव्या वर्षी लग्न झालं, तिकडेच, दोन गावं सोडून. मी जबलपूरला शिकले, परत येऊन बालाघाटातच इंग्रजीची मास्तरीण झाले, आणि तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरींना कवितांचे अर्थ सांगितले. वर्गात एखादी पोर विचारायची, मॅडम, इसका मतलब यही है ना पक्का, तेव्हा माझा खडू थांबायचा. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

कमलने ते गाणं टाकलं नाही, ही माझी शिक्षा. तिने ते लेकरांना म्हटलं, सुनेच्या डोहाळजेवणात म्हटलं, माझ्या मुलाच्या लग्नात मांडवात बसून म्हटलं, आणि वर दरवेळी सगळ्यांना सांगायची की हे गायीचं गाणं हाय, आमच्या शालूनं शिकवलं मले. माणसं माझ्याकडे कौतुकानं बघायची आणि मी ताटातलं खात बसायची. अलीकडे ती नुसती गाते, अर्थ सांगत नाही. मला वाटलं थकली असेल.

काल मी शेवटी जुईसाठी लिहिलं. एकच गाणं. कोणतं, केव्हा ऐकावं आणि ते काय सांगतं, सगळं खरं खरं. पाठवायच्या आधी बोट अडलं. हा अर्थ जिला पहिला सांगायला हवा होता ती इथून तासाभराच्या वाटेवर बसलेली आहे आणि मी तो पुण्याला पाठवते आहे. मी राजेगावच्या बाजूला फोन लावला. कमलने उचलला, मागे कुकरची शिट्टी, कोंबड्यांचा गलका. मी नमस्कार-चमत्कार न करता म्हटलं, कमल, ते दिव्याचं गाणं आहे ना, त्याचा अर्थ सांगायचा आहे, ऐक. आणि मी वाचून दाखवलं. खिडकीतला दिवा, लोटलेलं दार, आणि मी नसले तर दिवा तू लाव. शेवटी म्हटलं, "गाय नोहोती त्यात. मी खोटं सांगितलं होतं. जाणूनबुजून."

कुकरची आणखी एक शिट्टी झाली.

"हौ," ती म्हणाली. "मले माहीत हाय. माह्या लेकाची सोनू गोंदियाले इंग्लिश शाळेत जाते ना आता, तिनं सांगितलं. चार वर्षं झाले."

"चार वर्षं? मंग बोलली काहून नाही?"

"तू कधी सांगतं ते पाहून राह्यली होती," कमल म्हणाली.